फार दाबून लिहू नकोस

आर्ब्रोथमध्ये, आमच्या मागच्या कुंपणाला लागून
मर्डो ऑख्टरलोनीची शेड आहे.
रंगाचे वाळलेले डबे, एक बूट, जाळं विणायच्या सुया,
आणि लाकडी भिंतीवर टाचण्यांनी लावलेले चार तक्ते.
युरोपच्या स्पर्धांचे, पेपरासोबत फुकट आलेले.
ब्याण्णव. शहाण्णव.
मग हातभर उघडी भिंत.
मग एकवीस, चोवीस.

‘मधे काय झालं?’ मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा
तो म्हणाला, ‘मधे आम्ही घरीच होतो,’
जणू पंचवीस वर्षं कुणी पाहुणे यायचे होते.

साखळीचे रकाने त्याने शाईने भरलेत.
ब्याण्णवात, स्वीडनमध्ये, दोन सामने हरल्यावर
ज्यांचा देशच सहा महिन्यांपूर्वी नकाशावरून गेला होता
त्यांना तीन गोल मारले
आणि बॅगा भरल्या.

शहाण्णवचं तो उभं राहून सांगतो.
वेम्ब्लीवर पेनल्टी मिळाली,
पाय लागायच्या आधी चेंडू केसभर हलला,
‘वारा नव्हता, मी शपथेवर सांगतो, वारा नव्हता.’
आणि तीन दिवसांनी ती संध्याकाळ,
इकडे आपण एकने पुढे, तिकडे इंग्लंड चारने,
आणि मर्डो, जन्मात एकदाच,
इंग्लंडसाठी घसा फोडत होता.
मग डचांनी एक परत केला. एकच.
गुण सारखे, गोलफरक सारखा,
शेवटी मारलेले गोल मोजले.
आपला एक होता.

मी मिरजेची.
काकांच्या ट्रान्झिस्टरपाशी बसून
जर-तरची गणितं बोटांवर शिकले:
हे हरले तर, ते इतक्यांनी जिंकले तर, पाऊस पडला तर.
फुटबॉल मला कळत नव्हता.
मर्डो कळायला वेळ लागला नाही.
दर महिन्याला दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतो
आणि काउंटरवर कोपर टेकून स्टीव्हनेज, हंगेरी, यकृत,
सगळं एकाच सुरात बोलतो.

चोवीसला मी त्याच्याकडेच होते.
पहिल्या रात्री म्युनिकमध्ये पाच खाल्ले,
तरी शेवटच्या सामन्यापर्यंत जर-तर जिवंत होतं.
रात्रीचे दहा, बाहेर अजून उजेड,
धुरावलेल्या हॅडकचा वास खिडकीतून.
शंभराव्या मिनिटाला हंगेरीने मारला.
नव्वद मिनिटांच्या खेळात, शंभराव्या.
तो काही बोलला नाही.
टीव्ही चालूच ठेवून शेडमध्ये गेला.
मी मागोमाग.

तेव्हा पाहिलं.
बाद फेरीच्या चौकटीत, उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम,
स्पर्धेआधीच तो पेन्सिलीने ‘स्कॉटलंड’ लिहून ठेवतो.
आता खोडत होता. सावकाश, खालून वर,
रबराचा भुसा तळहातावर झेलत.
चारही तक्ते त्या जागी इतके झिजलेत
की फळ्यांच्या फटीतून ऊन आलं
तर आधी अंतिम सामना उजळतो.

मी त्याला सटवाईची गोष्ट सांगितली.
पाचव्या रात्री येते, बाळाच्या कपाळावर लिहून जाते,
पुसता येत नाही.
तो बराच वेळ विचार करत होता.
‘चूक तुमचीच,’ म्हणाला,
‘तिच्या हाती पेन कुणी दिलं?’

यंदा तो एक्याऐंशीचा झाला.
अठ्ठावीसची स्पर्धा इकडेच, ग्लासगोतसुद्धा.
पात्रता व्हायचीय, तक्ता छापलेला नाही,
म्हणून त्याने उरलेल्या वॉलपेपरच्या पाठीवर
पट्टीने रेघा मारल्यात, जरा तिरक्या.
काल कुंपणावरून हाक मारली.
हात थरथरतो, नावं तू लिही.
मी टोक काढून बसले,
गट सोडून थेट उजवीकडे, शेवटच्या चौकटीपाशी.
‘स्कॉ’ लिहिलं, देवनागरीत, सवयीने.
त्याने चष्मा वर करून पाहिलं,
‘असूदे’ म्हणाला.
‘फक्त फार दाबून लिहू नकोस.’